प्रभुलिंग कोरींची झीज

शिवलीलाबाईंच्या हातात नवंकोरं स्टीलचं पातेलं आलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी प्रभुलिंग कोरींनी वडिलांचा जुना सदरा उन्हाकडं धरून बघितला. पुढचं सगळं त्या बघण्यामुळं झालं.

उंबऱ्याबाहेर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई फतकल मारून बसली होती. तिच्यापुढं कोरींच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या कपड्यांचा ढीग होता. अर्धा तास घासाघीस होऊन एक पातेलं आणि वर एक चहाची गाळणी असा सौदा ठरला होता. कोरी फक्त खिसे तपासत होते, कारण निवृत्त झाला तरी सरकारी माणूस कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय हातावेगळी करत नाही. सदऱ्याचा डावा खांदा इतका विरला होता, की त्यातून त्यांना स्वतःचा तळहात दिसला. रेषांसकट. मधोमध एक भोक पडलं होतं आणि त्याच्या कडेचे धागे उन्हात केसांसारखे चमकत होते. उजवा खांदा मात्र धडधाकट.

अप्पा नेसरीहून गडहिंग्लजच्या बाजाराला कापडाचं गठुडं पाठीवर टाकून चालत जायचे, हे कोरींना माहीत होतं. कुठल्या खांद्यावरून, ते आठवत नव्हतं. अप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगा विसरला होता, पण सदऱ्यानं लक्षात ठेवलं होतं.

"डाव्या," कोरी म्हणाले.

"काय डाव्या?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"हे कपडे जाणार नाहीत."

भांडीवालीनं पातेलं परत घेतलं, गाळणी परत घेतली, आणि जाताना शिवलीलाबाईंकडं अशा नजरेनं बघितलं की त्यांना रडू यावं. ते पातेलं बुडाला जाड होतं. दूध लागलं नसतं.

कोरी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. गुळाच्या अडत्यांपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची वजनं त्यांनी तीस वर्षं तपासली. वजन वापरून वापरून झिजतं आणि झिजलेलं वजन बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणजे या माणसानं उभा जन्म झिजेवर कारवाई करण्यात घालवला होता. झीज बघत बसण्याजोगी असते, असं त्यांना खात्यात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी ते लेखी मागितलं असतं. पण त्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत ते अंगणात एकेक कपडा उन्हाकडं धरून उभे होते आणि त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

हे सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचं. त्याच आठवड्यात पेपरात एक चौकट आली. 'करवीर रंगरेषा मंडळा'नं हौशी कलावंतांचं प्रदर्शन ठेवलं होतं. विषय होता 'काळाच्या खुणा'. कोरींनी ती चौकट पट्टी लावून कापली.

"तुमाला चित्र काढाय येतंय का?" शिवलीलाबाईंनी विचारलं. त्यांचं माहेर संकेश्वरचं, त्यामुळं साधा प्रश्नसुद्धा शेवटी थोडा वर जायचा.

"चित्र काढायचंच नाही. हे कपडे एकत्र जोडायचे, मोठ्या चादरीएवढे. मागं अस्तर लावायचं नाही. खिडकीपुढं टांगायचं, म्हणजे जिथं जिथं माणूस झिजला तिथनं उजेड येईल."

बाईंनी खिडकीकडं बघितलं. कल्पना त्यांना आवडली होती, पण पातेलं ताजं होतं. "आणि शिवणार कोण?"

कोरींनी सुईदोऱ्याचा डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर एवढं उत्तर पुरतं.

शिवण सुरू झालं. अव्वाचं, म्हणजे कोरींच्या आईचं, इरकली लुगडं नेमकं उजव्या गुडघ्यावर फाटलं होतं, कारण ती चुलीपुढं एक गुडघा उभा करून बसायची. शिवलीलाबाईंच्या एका पातळाच्या पदराला हात पुसून पुसून जाळी पडली होती. मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचा कोपर बाकावर घासून गेला होता. मुलगी आता पुण्यात दोन लेकरांची आई होती, पण तिचा सातवीतला कोपर इथंच राहिला होता. कोरींनी व्हर्निअर काढून प्रत्येक भोक मोजलं आणि प्रत्येकासाठी टंकलेखन यंत्रावर एक पट्टी तयार केली. नमुना क्रमांक, वस्त्र, जागा, भोकाची लांबी-रुंदी, झिजण्याचं कारण. भोकं एकूण तीस भरली.

नवव्या क्रमांकावरून घरात दोन दिवस अबोला झाला. शिवलीलाबाईंनी कोरींची कचेरीची पँट आणली आणि तिची बैठक उन्हाकडं धरली. ती चाळणीसारखी झाली होती.

"हे नको," कोरी म्हणाले.

"का? अव्वाचा गुडघा चालतोय, माझा पदर चालतोय. तुमचं तेवढं झाकून ठेवायचं होय?"

शेवटी पँट लागली. पट्टीवर कोरींनी टंकलं, 'नमुना क्र. ९. विजार, मागील बाजू. कारण : शासकीय सेवा.'

खालच्या घरातल्या तानाबाई रोज दुपारी येऊन सल्ला द्यायच्या. भोकांमागं लाल साटीन लावा, म्हणजे उठून दिसेल. मधूनमधून आरसे लावा. निदान टिकल्या तरी. सल्ला ऐकला जात नाही असं दिसल्यावर त्यांनी गल्लीत आपलं मत मांडलं, की कोरींच्या घरी पांघरायला नाही, नवराबायको चिंध्या जोडत बसलेत. दोन दिवसांत तीन घरांतून सोलापुरी चादरी आल्या. एका घरानं तर चादरीबरोबर वाटीभर खीर पाठवली. ज्या माणसाला बघून सगळा बाजार ताजवा सरळ धरायचा, त्याला दारात उभं राहून "आम्हाला आहेत हो चादरी" असं सांगावं लागलं, आणि सांगताना हातात खिरीची वाटी होती.

मग एक दिवस समोरचे हंबीरराव आले. एकेकाळी त्यांनी आसपासच्या चार तालुक्यांतले कुस्तीचे फड मारलेले. दोन्ही कान मोडून बटाटेवड्यासारखे झालेले. सत्तरी ओलांडली तरी ते दारात उभे राहिले की घरात अंधार व्हायचा. फार बोलायचे नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी मांडीवर ठेवलं आणि चहा संपेपर्यंत तसंच ठेवलं.

"कोरीसाब," ते म्हणाले, "ह्ये इठाचं हाय."

विठाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. कागदात हिरवं लुगडं होतं. हिरवं म्हणजे पूर्वी हिरवं, आता शेवाळलेल्या पाण्याच्या रंगाचं. डाव्या कमरेपाशी रुपयाएवढं भोक होतं.

"एवढंच ऱ्हायलंय. बाकीचं लेकींनी नेलं. हितं बोट घातलं की," हंबीररावांनी तर्जनी त्या भोकात घातली आणि वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "तुमी लोकांस्नी दाखवणार म्हणं. हिचं बी दाखवा. पण परत द्या."

अशा वेळी कोरींना जे येत होतं ते त्यांनी केलं. कागद घेतला आणि पोच लिहून दिली : 'हिरवे लुगडे एक, भोकासह, प्रदर्शनानंतर जशाच्या तशा स्थितीत परत करण्यात येईल.' खाली सही, तारीख. हंबीररावांनी पोच वाचली, घडी केली आणि टोपीत ठेवली. लुगड्याचा तुकडा सगळ्यांत लांब होता, म्हणून शिवलीलाबाईंनी तो खालच्या काठाला लावला. भोकं एकतीस झाली.

आता नोंदणी राहिली होती. मंडळाचे कारभारी आकाराम हे गृहस्थ सभागृहाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसायचे. त्यांनी फॉर्म वाचला आणि मान वर केली.

"पावणं, आडनाव कोरी आणि कापड जुनं, व्हय?"

हा विनोद कोरींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला नव्हता.

"कशात घालायचं हे? तैलरंग, जलरंग का शिल्प?"

"इतर."

"इतर गेल्या साली बंद केलं. इतरमधी एकजणानं गवताचा बैल आणला. बैलात ढेकूण. अजून खुर्च्यातनं निघालेत." आकारामांनी फॉर्म उलटापालटा केला. "कापड धुतलंय न्हवं? पाण्यातनं निघालंय. मग जलरंगात घालतो. पण ढेकणांचं काय? जंतू न्हाईत असा दाखला पायजे."

तो दाखला कुणाकडं मिळतो हे आकारामांनाही माहीत नव्हतं. आरोग्य खात्यातल्या बाईंनी सांगितलं, की आम्ही दाखला खाद्यपदार्थांना देतो, हे तुम्ही खाणार आहात का. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कापड कौतुकानं बघितलं, पण त्यांचा शिक्का जिवंत प्राण्यावरच मारायचा होता. कोरी तीन दिवस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरले आणि आपण तीस वर्षं खिडकीच्या कुठल्या बाजूला उभे होतो याचा त्यांना अंदाज आला. शेवटी आकारामांनाच दया आली. ते म्हणाले, "लाँड्रीत टाका. कडक इस्त्री करून आणा. इस्त्रीखाली जंतू मरतोयच की. पावती जोडा, मी घेतो."

काशिफची लाँड्री गल्लीच्या टोकाला होती. कोरींनी कापड स्वतः नेऊन दिलं. "फक्त इस्त्री," ते म्हणाले. "सावकाश. जुनं आहे." काशिफनं घडी उघडली, आतली भोकं बघितली, कोरींकडं बघितलं, आणि फारच मऊ आवाजात म्हणाला, "काळजी करू नका साहेब. शनिवारी घेऊन जावा." तो मऊ आवाज ऐकून कोरींनी सावध व्हायला हवं होतं. रविवारी सकाळी दहाला उद्घाटन होतं.

शनिवारी दुपारी कापड घरी आलं. शिवलीलाबाईंनी ते खिडकीपुढं धरलं आणि दोघं पलीकडं बघत राहिले. उजेड येत नव्हता.

कोरींनी खांदा शोधला. खांदा होता, भोक नव्हतं. गुडघा होता, कोपर होता, पदर होता. विजारीची बैठक तर अशी भरली होती, की आणखी एक नोकरी निघाली असती. कोरींनी खात्यातलं भिंग काढलं. अप्पांच्या सदऱ्यावरून ते इंच इंच फिरवलं, कापड उलटं केलं, तिरपं केलं, खाली दिवा धरून बघितलं. रफू केल्याची खूण नाही, गाठ नाही, रंगात फरक नाही. कापडातली वीण जिथं तुटली होती तिथून जणू स्वतःच पुढं वाढली होती. ताजव्यातल्या सहा ठिकाणच्या लबाड्या एका नजरेत पकडणारा हा माणूस. त्याला स्वतःच्या वडिलांच्या खांद्यावरचं भोक सापडेना.

"असा माणूस वजनांच्या धंद्यात असता तर," ते पुटपुटले, "माझी नोकरी गेली असती."

राग आला तो नंतर. प्रदर्शन उद्यावर, एकतीस पट्ट्या टंकून तयार, आणि भोकं गायब. ते तावातावानं लाँड्रीत गेले. काशिफ त्यांची वाटच बघत असल्यासारखा हसत उभा होता.

"आवडलं का साहेब? अब्बांनी केलंय. या की आत."

आत एका खिडकीपाशी इलाहीचाचा बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढं. एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा, दुसऱ्यावर जाड काच. समोर सुयांची डबी, त्यात केसासारख्या सुया. एकेकाळी वकिलांचे कोट आणि नवरदेवांच्या शेरवान्या त्यांच्याकडं यायच्या. डोळे गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी सुई धरली नव्हती.

"बसा साहेब," चाचा म्हणाले. "काशिफ म्हणाला, एका घरात पांघरुणाला एकतीस भोकं हाईत. म्हटलं, म्हातारं माणूस असंल घरात. थंडी हाय. मजुरी घेऊ नको म्हणून सांगितलं मीच."

कोरींच्या तोंडात तयार असलेलं वाक्य तिथंच विरलं. आधी तीन चादरी, आता हे. पण अपमान वाटायला सवड मिळाली नाही, कारण त्यांनी विचारलं, "धागा कुठला वापरला तुम्ही? रंग कसा जुळला?"

"बाहेरचा धागा कसा चालंल? ज्याचा त्याचाच घेतला. शिवणीत दुमडलेलं कापड असतंय न्हवं, तिथनं एकेक काढायचा. सदऱ्याला सदऱ्याचा, लुगड्याला लुगड्याचा. उभा आधी, आडवा मागनं." चाचांनी हवेतच बोटं हलवली. "सदरा ज्येचा हाय त्यो माणूस वझं घेऊन चालायचा. चालताना डावा पाय जरा ओढायचा. तसं झिजलंय."

अप्पांचा डावा पाय आखूड होता. ही गोष्ट गावाबाहेर कुणाला माहीत नव्हती. कोरी तिथं किती वेळ बसले ते त्यांना कळलं नाही. उठताना त्यांनी वाकून चाचांचे पाय धरले. ते तक्रार करायला आलेत हे त्या लाँड्रीत कधीच कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर मात्र परिस्थिती तीच होती. कोरींनी कात्री घेतली. मोजमापं पट्टीवर होतीच. त्याप्रमाणं भोकं परत पाडता आली असती.

शिवलीलाबाईंनी कात्रीवर हात ठेवला. "अव्वाला हे भोक पाडाय चाळीस वर्षं लागली. तुमी एका मिनिटात पाडणार होय? ते कुणाचं असंल मग?"

कोरींनी कात्री खाली ठेवली. आता एकच काम उरलं होतं आणि ते सगळ्यांत अवघड होतं. ते समोरच्या घरी गेले आणि हंबीररावांना सगळं सांगितलं. जशाच्या तशा स्थितीत परत करू असं लिहून दिलं होतं, ते पाळता येत नाही. भोक बुजलं. हंबीरराव ऐकत राहिले. मग त्यांनी आपल्या तर्जनीकडं बघितलं, बराच वेळ.

"उद्या येतो बगाय," एवढंच ते म्हणाले. कोरींना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी आकारामांनी फॉर्म आणि कापड ताडून बघितलं. "पत्रकात एकतीस भोकं. हितं एक बी न्हाय. नोंद केल्यापरमानं वस्तू पायजे, पावणं."

"ती बुजली."

"मग भोकं गहाळ झाल्याचा अर्ज करा."

कोरींनी जिन्याखाली उभं राहून अर्ज केला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतका प्रामाणिक अर्ज लिहिला नव्हता. आकारामांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि ते शब्दशः खरं करण्यासाठी पुन्हा कापडाजवळ गेले. नमुना चारची पट्टी वाचली : 'उजवा गुडघा, भोक ४१ मिमी बाय ३६ मिमी.' कापडावर नाक टेकेपर्यंत वाकले. बोट फिरवलं. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. तिथून ते हललेच नाहीत.

अकरा वाजेपर्यंत जलरंग विभागात रांग लागली. भिंतीवर रंकाळ्याची सात चित्रं होती, त्यातल्या चारांत सूर्य मावळत होता, पण त्यांच्याकडं कुणी बघेना. माणसं पट्टी वाचत, मोजमाप वाचत, आणि कापडात ते भोक शोधत. कुणी कापडाच्या मागं जाऊन शोधत. एका मास्तरांनी आपली फूटपट्टी काढली. सुरुवातीला हसणं होतं, 'शासकीय सेवे'पुढं तर फारच. पण शोधता शोधता प्रत्येकजण गप्प होत होता, आणि रांगेतून बाहेर पडताना आपापल्या बाहीकडं, कोपराकडं, गुडघ्याकडं बघत होता. परीक्षक मंडळींनी आपसात कुजबुज केली आणि कोरींना विचारलं, की हे आपण मुद्दाम केलं आहे का. कोरी खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "नाही. हे माझ्या हातून निसटलंय."

बाराच्या सुमाराला हंबीरराव आले. डोक्याला फेटा बांधून आले होते. रांग आपोआप बाजूला झाली. ते खालच्या काठापाशी गुडघ्यावर बसले आणि हिरव्या कापडावरून बोट फिरवू लागले. कमरेचा भाग होता, पण ती जागा सापडेना. एवढा मोठा माणूस, आणि बोट कापडावर चुकल्यासारखं हिंडत होतं. कोरी शेजारी उभे होते आणि त्यांना आपण कुठं तरी दिसेनासं व्हावं असं वाटत होतं.

तेवढ्यात काशिफ वडिलांना घेऊन आला. गल्लीत बातमी पोचली होती, की ते पांघरूण नव्हतं आणि त्यापुढं माणसं उभी आहेत. इलाहीचाचांना फारसं दिसत नव्हतंच. त्यांनी काशिफचा हात सोडला आणि कापडावर हात ठेवला. डोळे मिटले. बोटं सदऱ्यावर गेली आणि थांबली. "हितं." गुडघ्यावर थांबली. "हितं." मोजमापं घेतलेल्या जागा ते एकामागून एक सांगत गेले आणि कोरी पट्टीवर बघून मान हलवत गेले.

मग चाचा खाली बसले, हंबीररावांच्या शेजारी. हिरव्या कापडावर त्यांचा हात गेला आणि लगेच थांबला.

"हे लई अवघड गेलं," ते म्हणाले. "ह्या बाई घागर डाव्या कडेला घेत हुत्या न्हवं?"

"व्हय," हंबीरराव म्हणाले.

"घागरीनं कापड घासतंय, पण ते पसरून झिजतंय. हे भोक निराळं हुतं. आतनं झिजलेलं. इथं कमरेला गाठ मारून त्या काय तर ठेवत हुत्या. टणक. बारीक. रोज चाचपून बघायच्या, हाय का न्हाय ते. त्या बोटानं पडलंय हे."

हंबीररावांनी फेटा काढून मांडीवर घेतला.

"अंगठी," ते म्हणाले. "फडात मिळाल्याली. पैली. मला वाटलं कुठं तर पडली. मी इचारलं बी न्हाय कधी." मग त्यांनी आपला पंजा पुढं केला. "कुठं? मला दावा."

चाचांनी त्यांची जाडजूड तर्जनी धरली आणि त्या जागेवर नेऊन ठेवली. दोघं म्हातारे तसेच बसून राहिले. आकारामांनी रांगेला थांबायची खूण केली, पण रांग आधीच थांबली होती.

कोरींच्या कापडाला जलरंगातलं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या शेऱ्यात 'रंगांची हाताळणी संयत' असं लिहिलं होतं.

प्रदर्शन संपल्यावर शिवलीलाबाई हिरवा तुकडा उसवायला बसल्या. हंबीररावांनी त्यांना थांबवलं. एवढ्या माणसांतनं हिला एकटीला काढू नका, असं त्यांचं म्हणणं. मग कोरी पतिपत्नींनी आपसात विचार केला आणि सगळं कापडच त्यांना देऊन टाकलं. भिंतीवर टांगलं तर त्याला नुसती धूळ खायची होती. हंबीरराव दुपारच्या झोपेला ते पांघरू लागले. उंच माणूस, काठ जेमतेम टाचेपर्यंत. ते कापड त्यांनी आठ वर्षं वापरलं. मधल्या काळात इलाहीचाचा गेले. काशिफनं लाँड्री वाढवली आणि बाहेर नवी पाटी लावली. रफूचं काम आता घेत नाही असं तो येणाऱ्याला सांगायचा.

दोन हजार सहा सालच्या मार्चमध्ये एका सकाळी कोरी गॅलरीत दात घासत होते. समोर हंबीररावांच्या दोरीवर ते कापड वाळत होतं आणि ऊन पलीकडून येत होतं. कोरींचा हात तोंडाशीच थांबला. त्यांनी शिवलीलाबाईंना हाक मारली आणि दोघं तसेच, तोंड न धुता, खाली उतरून रस्ता ओलांडून गेले.

सगळं कापड विरलं होतं. सदरा, लुगडी, पातळ, फ्रॉक, विजार, सगळ्यांतून ऊन सरळ अंगणात पडत होतं. आणि त्या विरलेल्या कापडात एकतीस ठिपके गडद उभे होते. जिथं चाचांची सुई फिरली होती तेवढीच जागा शाबूत होती. भिंगालाही न सापडलेलं काम आता दहा पावलांवरून दिसत होतं. एकेक धागा, उभा आणि आडवा. खाली फरशीवर त्यांच्या एकतीस सावल्या पडल्या होत्या आणि वाऱ्यानं कापड हललं की त्या हळूच सरकत होत्या. कोरी मोजायला लागले आणि मध्येच मोजायचं विसरून गेले.

हंबीरराव दारातून काठी टेकत आले. आता ते वाकले होते आणि दार अंधारत नव्हतं.

"कापड गेलं की हो," शिवलीलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"चाललंय," हंबीरराव म्हणाले. "हे चाचांचं बी जाईल. जरा मागनं."

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खालचा काठ हातात घेतला आणि कोरींना जवळ बोलावलं. हिरव्या कापडात विठाबाईंची ती जागा चाचांनी भरलेली, घट्ट, गडद. आणि तिला लागून एक नवं भोक पडलं होतं, चांगलं मोठं, कडेचे धागे उन्हात चमकत होते. हंबीररावांनी त्यातून आपली दोन बोटं बाहेर काढून दाखवली.

"ह्ये माझं हाय," ते म्हणाले. "टाचेनं पाडलंय. आठ वर्षं लागली."